‘हे सगळं लिहून नेता, पुढे त्याचं होतं काय?’ – आरोग्याच्या नोंदी आणि संशोधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात आरोग्य संशोधनाच्या डेटा विभागात काम करते. सुरुवातीची सहा वर्षं वाड्यावस्त्यांवर फिरून फॉर्म भरले, आता इतरांनी भरलेले फॉर्म तपासते. दारात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत जे प्रश्न हमखास येतात ते इथे घेतलेत. काही चिडून विचारलेले आहेत. तेही तसेच ठेवलेत, कारण चिडणाऱ्याचा मुद्दा बहुतेक वेळा बरोबर असतो.

घरी टॅब घेऊन येणाऱ्या ताई कोण असतात? रेशनकार्डाशी याचा काही संबंध आहे का?

नाही. रेशन, घरपट्टी, निवडणूक, यातलं काहीच नाही. (हा प्रश्न इतका ठरलेला आहे की नव्या मुलींकडून पहिल्याच दिवशी आम्ही हे उत्तर पाठ करून घेतो.) आलेली ताई आशा असेल तर ती सरकारी आरोग्यसेवेचं काम करतेय : गरोदर बाया, लसीकरण, टीबी, बीपी-शुगर. संशोधन संस्थेकडून आली असेल तर गळ्यात ओळखपत्र हवं, आणि अभ्यासाचं नाव व संस्थेचा फोन नंबर असलेला कागद तिनं तुमच्या हातात द्यायला हवा. कागद नसेल तर ‘कागद घेऊन या, मग बोलू’ असं बिनधास्त सांगा. खऱ्या ताईला राग येणार नाही.

शिरूर-हवेलीकडच्या लोकांना ही ये-जा नवी नाही. वढू बुद्रुकच्या आसपासच्या २२ गावांत पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचं संशोधन केंद्र २००२ पासून घरोघरची नोंद ठेवतंय. कोण जन्मलं, कोण गेलं, कुणाचं लग्न झालं, कोण गावात राहायला आलं, कोण गाव सोडून गेलं. त्याआधी, सत्तरच्या दशकात, डॉ. बानू कोयाजींनी याच भागात गावातल्याच बायकांना आरोग्याचं काम शिकवायला सुरुवात केली होती. पुढे १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दाराशी येणारी ताई ओळखीची असली की उत्तरं खरी मिळतात, हे त्या भागात पन्नास वर्षांपासून माहीत आहे.

मागच्या वेळी सगळं सांगितलं होतं. पुन्हा तेच का विचारता?

कारण मधल्या काळात तुम्ही बदललेले असता. नगर रस्त्याच्या पट्ट्यात कारखाने आले, खोल्या निघाल्या, भाडेकरू वाढले. वर्षभरापूर्वीची घरातली यादी आज तशीच असेल याची खात्री नाही.

आणि आम्हाला फक्त आजारी माणसं मोजून भागत नाही, धडधाकट माणसंही मोजावी लागतात. एका गावात वर्षात तान्ही पाच बाळं दगावली. हे वाईट की फार वाईट? त्या वर्षी गावात ५० बाळं जन्मली की ५००, हे कळल्याशिवाय सांगताच येत नाही. हॉस्पिटलच्या फाइलीत वरचा आकडा (किती दगावले) असतो, खालचा (एकूण किती होते) नसतो. खालच्या आकड्यासाठी कुणाला तरी उन्हातान्हात फिरावं लागतं, आणि ज्यांच्या घरी काहीच घडलेलं नाही त्यांच्याही कड्या वाजवाव्या लागतात. ‘आमच्याकडे सगळं ठीक आहे, तुम्ही जा’ असं सांगून परत पाठवू नका. तुमचं ‘ठीक आहे’ही आम्हाला लिहून घ्यायचं असतं.

रजिस्ट्री, सर्वेक्षण, कोहोर्ट, ट्रायल – हे सगळं एकच ना?

नाही, पण गोंधळ होणं साहजिक आहे. सर्वेक्षण म्हणजे एका वेळचा फोटो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हे त्याचं उदाहरण. रजिस्ट्रीत एका आजाराचा एका भागातला प्रत्येक रुग्ण नोंदवला जातो. एकही सुटू द्यायचा नाही, हीच तिची अट. कोहोर्टमध्ये ठरावीक माणसांच्या मागे वर्षानुवर्षं राहायचं. ट्रायलमध्ये मात्र आम्ही नुसतं बघत नाही, काहीतरी देतो किंवा करतो, आणि कुणाला काय मिळणार ते बहुधा चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं जातं.

नुसतं लिहून ठेवल्यानं कुणाचा जीव वाचला आहे का? खरं सांगा.

नुसतं लिहिल्यानं नाही. लिहिलेल्याकडे कुणीतरी परत गेल्यानं वाचले आहेत. तीन गोष्टी सांगते, तिन्ही महाराष्ट्रातल्या.

पहिली गडचिरोलीची. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं आधी गावागावांत जन्म आणि बालमृत्यू काटेकोर मोजायला घेतले. त्यातून दिसलं की बहुतेक बाळं घरीच जन्मतात, घरीच जातात, आणि जन्मानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात. मग ३९ गावांत स्थानिक बायकांना बाळाचं वजन, श्वास, जंतुसंसर्गाची लक्षणं बघायला आणि गरजेला इंजेक्शन द्यायला शिकवलं. शेजारच्या गावांत हे नव्हतं, तिथे नेहमीची सेवा चालू होती. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू तुलनेनं ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हे छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येऊन बाळाचं वजन करते, ती पद्धत याच कामातून देशभर गेली.

दुसरी बार्शीची. मुंबईत कॅन्सर रजिस्ट्री १९६३ पासूनच आहे, पण खेड्यात कॅन्सर किती हे कुणालाच माहीत नव्हतं. १९८७ साली बार्शीला देशातली पहिली ग्रामीण रजिस्ट्री सुरू झाली. हॉस्पिटलात रुग्ण येण्याची वाट बघत बसण्याऐवजी तिथले लोक गावोगाव जाऊन विचारायला लागले. बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर सगळ्यात जास्त, असं निघालं. पुढे त्याच भागातल्या उस्मानाबाद जिल्ह्यात (आता धाराशिव) सुमारे १ लाख ३१ हजार बायकांना घेऊन मोठा अभ्यास झाला. एकदाच, आयुष्यात फक्त एकदा, एचपीव्हीची (हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या विषाणूची) तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटापेक्षा साधारण निम्म्यावर आले. २००९ साली निष्कर्ष छापून आले आणि जगभरचे तज्ज्ञ त्याचा दाखला द्यायला लागले. त्या कॅम्पना गेलेल्या किती बायकांना हे माहीत असेल, हा विचार मला अजून छळतो.

तिसरी आपल्या पुण्याची, आणि माझी सगळ्यात आवडती. १९९३ साली डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएमच्या मंडळींनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची गरोदर राहण्याआधीपासून नोंद ठेवायला सुरुवात केली. बाळं जन्मली तेव्हा सरासरी वजन भरलं २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं किडकिडीत, इथपर्यंत कुणालाच नवल नव्हतं. पण पाठीवर चिमटा लावून कातडीखालची चरबी मोजली तर ती मात्र फारशी कमी नव्हती. स्नायू कमी, चरबी राखलेली : दिसायला बारीक, आतून ‘जाड’. मधुमेह चाळिशीत सुरू होतो असं आपण म्हणतो. त्याची तयारी आईच्या पोटातच सुरू होत असेल, हा विचार त्या चिमट्यातून पुढे आला. तपासलेल्या आयांपैकी जवळपास दोन तृतीयांश बायकांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. फॉलिक ॲसिड मात्र पुरेसं होतं, कारण त्याच्या गोळ्या आपण देतोच. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फॉलिक ॲसिड जास्त, त्यांची मुलं सहा वर्षांची झाल्यावर इन्शुलिनला कमी दाद देत होती, म्हणजे मधुमेहाकडे झुकत होती. पुढे २०१२ पासून त्याच मुलामुलींना, ती वयात आल्यावर, बी-१२ देऊन बघायचा प्रयोग सुरू झाला, म्हणजे पुढच्या पिढीत फरक पडतो का ते कळेल. आई, मूल, नातवंड. १९९३ साली ज्या ताईनं पहिला फॉर्म भरला असेल, तिला याची कल्पना तरी असेल का?

सिंहगड रस्त्याच्या जीबीएसच्या वेळी नोंदींचा काय उपयोग झाला?

जानेवारी २०२५. गियाँ-बारे सिंड्रोम (जीबीएस), म्हणजे नसांवर परिणाम होऊन हातापायांतली ताकद जाणं, हा तसा विरळा आजार : जगभरात वर्षाला लाखात एक-दोन लोकांना होतो. एखाद्या न्यूरॉलॉजिस्टकडे आठवड्यात असे दोन रुग्ण आले तर ‘योगायोग’ म्हणून विषय संपतो. पण शहरातल्या वेगवेगळ्या हॉस्पिटलांत असे दोन-दोन, तीन-तीन रुग्ण दाखल होत होते. डॉक्टरांनी ते महापालिकेला कळवलं आणि सगळ्यांची एक यादी झाली. आमच्या भाषेत लाइन लिस्ट : नाव, वय, पत्ता, लक्षणं कधी सुरू झाली, त्याआधी जुलाब झाले होते का, पाणी कुठलं पितात. पत्ते नकाशावर मांडले तर ठिपके नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या बाजूला दाटले. शौचाच्या नमुन्यांत पुण्याच्या एनआयव्हीला (राष्ट्रीय विषाणू संस्थेला) कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित अन्न-पाण्यातून पोटात जाणारा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरसही. मग पाण्याकडे, विहिरीकडे लक्ष गेलं.

यात भारी सॉफ्टवेअर कुठेही नव्हतं. पत्त्याचा रकाना नीट भरलेला होता, बस. ‘सिंहगड रोड, पुणे’ एवढंच लिहिलं असतं तर ठिपका स्वारगेटपासून डोणज्यापर्यंत कुठेही टाकावा लागला असता.

वय विचारताना इतकं खोदून का विचारता? ‘असेल साठ’ म्हटलं तर काय बिघडलं?

बिघडतं. लोकांना विचारलं तर निम्मं गाव ४०, ४५, ५०, ५५, ६० वर्षांचं निघतं. ५३ वर्षांचा माणूस फॉर्मवर भेटतच नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली १ जूनची जन्मतारीख तर अख्ख्या महाराष्ट्राची आहे. मग धोका कुठल्या वयात वाढतो हे शोधायचं तर आलेख पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो.

म्हणून जुन्या ताया प्रसंगांवरून वय काढतात. ‘आजी, पानशेत फुटलं तेव्हा तुम्ही केवढ्या होतात?’ म्हणजे १९६१. ‘बहात्तरच्या दुष्काळात लग्न झालं होतं का? सुकडी खाल्लेली आठवते?’ ‘किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी धाकटा अंगावर पीत होता की चालत होता?’ एका आजींनी मला सांगितलं होतं, ‘पानशेतच्या पुरात भांडी गोळा करायला मी आईच्या मागं पळत होते, आणि माझं परकर-पोलकं वाहून गेलं म्हणून रडत होते.’ सहा-सात वर्षांची मुलगी. आधारवर त्यांचं वय नऊ वर्षांनी कमी होतं.

तसंच बीपीचं. खरे आकडे १२७, १३४, ११८ असे वेडेवाकडे यायला हवेत. एका ताईच्या टॅबवर सलग ३१ घरांत १२०/८० आलं. मी रागावूनच फोन केला. ती रडायला लागली. यंत्राची रबरी नळी चिरली होती, हवा टिकत नव्हती, आणि नवी मागितली तर ‘तुम्हीच मोडली’ म्हणतील या भीतीनं ती अंदाजे लिहीत होती. तेव्हापासून मी आकडे सरळ दिसले की आधी यंत्राचं विचारते, माणसाचं नंतर.

मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलेलं असतं. मग घरी येऊन पुन्हा दुखरी नस का दाबता?

हा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांच्या घरी तेराव्यानंतर दहाच दिवसांनी आमची माणसं गेली होती. चूक आमची होती, तेवढं थांबायला हवं होतं.

पण उत्तर असं, की देशात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरांनी कारण प्रमाणित केलेले २०२० साली फक्त २२.५ टक्के होते. बाकीचे ‘झोपेत गेले’, ‘म्हातारपण’, ‘आजारी होते’. आणि जिथे डॉक्टर लिहितात तिथेही पुष्कळदा ‘हृदयक्रिया व श्वसन बंद पडल्यामुळे’ असं असतं. मरताना सगळ्यांचंच हृदय बंद पडतं हो! ते कारण झालं नाही, तो मृत्यूचा अर्थ झाला. कारण म्हणजे : वीस वर्षांचा मधुमेह, त्यातून मूत्रपिंड निकामी, त्यातून शेवटची गुंतागुंत. त्या फॉर्मवर एकाखाली एक ओळी असतात त्या याच साखळीसाठी. सगळ्यात खालच्या ओळीतलं मूळ कारण कळलं तरच जिल्ह्याला डायलिसिस यंत्रं हवीत की सर्पदंशावरची इंजेक्शनं, हे ठरवता येतं.

दाखला नसेल तिथे व्हर्बल ऑटॉप्सी करतात. म्हणजे घरच्यांशी बोलून शेवटच्या दिवसांची लक्षणं लिहून घ्यायची, मग डॉक्टर त्यावरून कारण ठरवतात. नाव भयंकर आहे. दारात ते उच्चारायचं नाही, असा आमच्याकडे अलिखित नियम आहे.

माझं नाव, माझा आजार कुणाला कळणार नाही याची काय हमी?

रीतसर चालणाऱ्या अभ्यासात नाव आणि आजार एका फाइलीत नसतात. नावाची यादी वेगळी, कुलपात. संशोधकाला दिसतो तो फक्त कोड. हे बहुतांशी पाळलं जातं. तरी प्रामाणिकपणे सांगायचं तर नाव काढलं म्हणजे माणूस ओळखता येत नाही, असं नाही. ‘अमुक वाडी, बाई, वय ८१, जुळे मुलगे, डायलिसिसवर’ असं लिहिलं तर त्या वाडीतलं शेंबडं पोरही ओळखेल. म्हणून छापताना गावाऐवजी तालुका, नेमक्या वयाऐवजी वयोगट असं करावं लागतं. तुम्ही विचारायचा प्रश्न असा : ‘नावाची यादी कुणाकडे असते आणि अभ्यास संपल्यावर तिचं काय करता?’ उत्तर देताना समोरचा अडखळला तर सही करू नका.

२०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेत मंजूर झाला आहे. संशोधनासाठी त्यात काही सवलती आहेत, पण सवलत म्हणजे मोकळं रान नव्हे.

‘नाही’ म्हटलं तर उपचार बंद होतील का?

अजिबात नाही. मध्येच ‘आता पुरे’ म्हणण्याचाही हक्क आहे, कारण न सांगता. संमतीपत्र मराठीत हवं, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला हवं, एक प्रत तुमच्याकडे राहायला हवी. सात वर्षांवरच्या मुलांना त्यांचीही तयारी आहे का हे विचारावं लागतं. आई ‘हो’ म्हणाली आणि दहा वर्षांचा मुलगा सुई बघून ‘नाही’ म्हणाला, तर रक्त काढायचं नाही.

पुण्यात तरी हा मुद्दा कुणाला समजावून सांगावा लागू नये. १८९७ च्या प्लेगमध्ये इथे घरोघर तपासणी झालीच होती. गोरे सोजीर वाड्यांत शिरले, देवघरांपर्यंत गेले, माणसं उचलून नेली. साथ खरी होती, तपासणीची गरजही खरी होती. पण विश्वास नसला की काय होतं? लोक रोगी लपवायला लागले. रँडचं पुढे गणेशखिंड रस्त्यावर काय झालं ते शाळेच्या पुस्तकात आहे. रोगी लपवल्यानं साथीचं काय झालं असेल, ते मात्र धड्यात येत नाही.

त्याच पेठांमध्ये जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये कोविडच्या अँटीबॉडीजसाठी रक्त तपासलं गेलं. कसबा-सोमवार, रास्ता-रविवार, लोहियानगर-कासेवाडी, नवी पेठ-पर्वती आणि येरवडा, अशा पाच प्रभागांत मिळून १,६६४ लोकांनी, मागे कुणी शिपाई उभा नसताना, दंड पुढे केला. ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात अँटीबॉडीज सापडल्या. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांना लागण होऊनही गेली होती. सार्वजनिक संडास वापरणाऱ्यांत प्रमाण जास्त होतं. ‘घरात राहा’ हा सल्ला कुणाला पाळता येत होता आणि कुणाला नाही, हे त्या एका रकान्यानं सांगितलं.

डॉक्टर ट्रायलमध्ये नाव घालू म्हणतायत. गिनिपिग होईन का?

आधी ट्रायलचा सीटीआरआय नंबर मागा. ही देशातल्या ट्रायलची सरकारी यादी २००७ पासून आहे आणि जून २००९ पासून तिच्यात नोंद सक्तीची आहे. ती कुणालाही फुकट बघता येते. एथिक्स कमिटीची, म्हणजे अभ्यासात माणसांवर अन्याय होत नाही ना हे तपासणाऱ्या समितीची, परवानगी बघा; त्या कमिटीत संस्थेबाहेरची माणसं आणि डॉक्टर नसलेला एक तरी सामान्य माणूस असावाच लागतो. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई, हे २०१९ च्या नियमांत आहे. ते कागदावर कुठे लिहिलंय, बोट ठेवून दाखवा म्हणा.

आणि एक बाजू लोक विसरतात. ट्रायल न करता औषध देत राहणं हाही प्रयोगच असतो, फक्त त्यातून कुणी काही शिकत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात जगभर कोविडच्या रुग्णांना सुचेल ते दिलं जात होतं. इंग्लंडमध्ये त्यांनी चिठ्ठ्या टाकून, मोजून दिलं, आणि जूनमध्ये कळलं की डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी करतं. मेडिकलच्या दुकानात वर्षानुवर्षं पडून असलेलं औषध.

आभा नंबर काढला नाही तर चालेल का?

चालेल, तो ऐच्छिक आहे. काढला तर १४ अंकी नंबराला तुमचे वेगवेगळ्या ठिकाणचे रिपोर्ट जोडता येतात आणि कुणाला दाखवायचे ते तुम्ही ॲपवर ठरवता. माझा आहे. सासूबाईंचा नाही, आणि त्यांचं ठाम मत आहे की त्यांची रिपोर्टांची पिशवी जास्त भरवशाची.

माझा छोटा दवाखाना आहे. दिवसाला ६० पेशंट. यात मी काय करू शकतो?

हा प्रश्न हडपसरच्या एका डॉक्टरांनी विचारला होता. त्यांना वाटलं, मी सॉफ्टवेअर घ्या म्हणेन.

आधी एकच आजार धरा, म्हणा बीपी. एक वही किंवा एक्सेल. रकाने पाच : नाव, फोन, आजचं बीपी, औषध, पुढची तारीख. दर शनिवारी बघायचं, पुढची तारीख उलटूनही कोण आलं नाही. त्यांना फोन. एवढंच. २०१७ च्या अखेरीपासून राबवलेल्या देशाच्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाचा गाभा हाच होता : ठरलेली औषधं, प्रत्येक रुग्णाचं कार्ड, आणि न आलेल्यांची यादी. जे येतात त्यांचं बीपी आपण बघतोच. जे येत नाहीत त्यांनाच पक्षाघाताचा धोका जास्त. ते डॉक्टर तीन महिन्यांनी म्हणाले, ‘माझे २०० पेशंट आहेत असं मी समजत होतो. ८३ आहेत. बाकीचे कधीच सोडून गेलेत.’

पुढे वाढवायचं असेल तर आजारांची नावं मनाला येतील तशी न लिहिता ठरलेल्या कोडनं लिहा. ‘शुगर’, ‘डीएम’, ‘मधुमेह’, ‘डायबेटिस’ हे कॉम्प्युटरला चार वेगळे आजार वाटतात. स्नोमेड सीटी नावाचा जागतिक शब्दसंग्रह भारतात फुकट वापरता येतो, आणि त्याचं मार्गदर्शन करणारं राष्ट्रीय केंद्र आपल्याच पुण्यात, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत आहे.

आता एआय सगळं करेल ना?

चिरलेल्या नळीनं मोजलेल्या बीपीवर एआयही चिरलेलंच उत्तर देणार.

तुमच्याकडून चूक झाली आहे का?

झाली आहे. एका गल्लीत एकाच नावाच्या दोन बायका होत्या; आडनाव एक, नवऱ्यांची नावंही जवळजवळ सारखी, कारण चुलत भाऊ. कॉम्प्युटरनं ‘ही एकच बाई दोनदा आली आहे का?’ असं विचारलं. मी रात्री साडेआठला, घरी जायच्या घाईत, ‘हो’ दाबलं. पुढच्या फेरीला ताई एकीच्या दारात गेली आणि टॅबवर बघून हळू आवाजात म्हणाली, ‘तुमचं बाळ गेलं त्याबद्दल…’ बाळ तिच्या मांडीवर दूध पीत होतं. ती किंचाळलीच. सासूनं ताईला हाकललं. आणि ज्या बाईचं बाळ खरंच गेलं होतं, तिच्याकडे त्या फेरीत कुणी गेलंच नाही, कारण आमच्या लेखी ती नव्हतीच.

मी स्वतः जाऊन दोन्ही घरी माफी मागितली. पहिल्या घरी चहा मिळाला, दुसऱ्या घरी दार उघडलं नाही. आता दोन नोंदी एक करायच्या तर आमच्याकडे दोन माणसांच्या सह्या लागतात, आणि संध्याकाळी सहानंतर ते काम करायचंच नाही.

एवढं सगळं देऊन आम्हाला काय मिळतं?

इथे आम्ही कमी पडतो. तुमचा स्वतःचा तपासणीचा रिपोर्ट मिळायलाच हवा, आणि बहुधा मिळतो. पण अख्ख्या अभ्यासातून काय निघालं हे इंग्रजी मासिकात छापून येतं, परदेशातल्या परिषदेत सांगितलं जातं, आणि गावाला पत्ता नसतो. ग्रामसभेत अर्धा तास मागून घेऊन, मराठीत, मोठ्या अक्षरांत दोन तक्ते लावून सांगणं अवघड नाही. आम्ही दोनदा केलं. दुसऱ्यांदा मागच्या बाकावरून एक आजोबा म्हणाले, ‘म्हणजे पोरींना आधी खायला घाला, असंच ना? मग एवढे वर्ष कशाला लावले?’ मला उत्तर सुचलं नाही.

सह्या करताना विचारा : ‘निघेल ते आम्हाला कधी, कुठे सांगणार?’ तारीख लिहून घ्या. दहा घरांनी विचारलं की अकराव्या घरी जाण्याआधी संस्थेला तारीख ठरवावीच लागते.

घरातल्या जुन्या फाइलींचं काय करायचं?

फेकू नका. जुलै-ऑगस्टच्या दमटपणात कागद चिकटतात, म्हणून प्लास्टिकच्या चेनच्या पिशवीत ठेवा. थर्मल कागदावरचा ईसीजी वर्षा-दोन वर्षांत पुसट होतो, त्याचा आजच मोबाइलवर फोटो काढा, कोपऱ्यातल्या तारखेसकट. डिस्चार्ज कार्ड सगळ्यात वर, त्याखाली बायोप्सी, मग रक्ताचे रिपोर्ट. कुठल्या औषधानं पुरळ किंवा धाप आली असेल तर त्याचं नाव पिशवीच्या बाहेर स्केचपेननं. चष्म्याचे जुने नंबर मात्र खुशाल रद्दीत घाला.